सेवाज्येष्ठतेने पुढच्या फळीत

जुन्या मिठागराजवळचं घर,
ता. उरण, जि. रायगड
बुधवार

ती. पूनमताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे रत्नपालचा, सविनय जयभीम.

हा जयभीम तुला रविवारीच पोहोचायचा होता. पण रविवारी सकाळी मी विहारात जाऊन पंचशील घेतलं, घरी येऊन चहा प्यायलो, आणि तुझ्या आज्ञेप्रमाणे लेकीला, दीक्षाला, मिठागराच्या बांधावर नेऊन फुटबॉल ही किती वाईट गोष्ट आहे यावर प्रवचन दिलं. त्या प्रवचनातून सावरायला मला बुधवार उजाडला. (दीक्षा तिथल्या तिथेच सावरली. तरुण रक्त.)

तुझी शुगर, दाजींचं पित्त आणि तुमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आई ठणठणीत आहे. सकाळी भाकरी, दुपारी सुकट आणि संध्याकाळी शेजारच्या सुनांची चौकशी, एवढ्यावर तिची तब्येत उत्तम राहते. तुझी भावजय भक्ती माझ्याशी रविवारपासून कामापुरतंच बोलते आहे, त्याचं कारण पुढे येईल. माझा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना ओरडतो. म्हणून मी कंटेनर यार्डातली ड्युटी तळमजल्यावर मागून घेतली आहे. (अजून कंत्राटीच आहे. तू विचारणार होतीस, म्हणून आधीच सांगितलं.)

तू म्हणशील, फोन असताना हा कागद कशाला. ताई, फोनवर तुझ्यापुढे माझं वाक्य आजवर क्रियापदापर्यंत पोहोचलेलं नाही. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत नाहीस. शिवाय आपल्या आबांची शिकवण तुला आठवत असेल: महत्त्वाचं काम तोंडी सांगू नये, अर्ज करावा. तहसील कचेरीत शिपाई म्हणून अख्खी हयात काढलेला माणूस तो. दुःखाचं मूळ तृष्णेत आहे, हे त्यांनी विहारात शेकडो वेळा ऐकलं, मान डोलावली, आणि घरी आल्यावर आपलं खाजगी मत कायम ठेवलं की दुःखाचं मूळ अर्जाला जोडपत्रं न लावण्यात आहे.

तर तुझी आज्ञा काय होती, ते नोंदीसाठी पुन्हा लिहितो. कोल्हापूरच्या मुलींच्या फुटबॉल क्लबाने दीक्षाला बोलावलं आहे, ते खूळ तिच्या डोक्यातून काढायचं आणि तिला नर्सिंगला घालायचं. "तुझ्याइतकं हे कोण सांगणार? चौदा वर्षं पायांवर पोट भरलंस, शेवटी काय हाती लागलं ते तिला सांग," असं तू म्हणालीस. तू स्वतः सरकारी दवाखान्यातून सन्मानाने निवृत्त झालेली परिचारिका, महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेणारी. तुझा शब्द आपल्या घरात शासन निर्णयासारखा असतो. मी तो शिरसावंद्य मानला. खाली त्याच्या अंमलबजावणीचा अहवाल देतो.

मुळात ते बोलावणं आलं कसं, हे तुला नीट कळलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात आपल्या अल्पेशशेठने (माझ्या वर्गातला, मागच्या बाकावरचा, आता दारात ट्रेलर उभे असतात आणि गळ्यात साखळदंड) गावात फुटबॉलची स्पर्धा भरवली. आजवर इथे फक्त क्रिकेट व्हायचं. त्यामुळे मंडप, माइक, समालोचक आणि पाहुण्यांची यादी क्रिकेटचीच राहिली, चेंडू तेवढा मोठा आणला. आता क्रिकेटमध्ये पाहुणे आले की षटक संपल्यावर त्यांचा सत्कार होतो. फुटबॉलला षटक नसतं, ही अडचण कार्यकारिणीत कोणाच्या लक्षात आली नाही. म्हणून रस्त्यावर पांढरी गाडी दिसली रे दिसली की समालोचक गरजायचा, "आगमन होतंय, आपल्या सर्वांच्या लाडक्या दादांचं आगमन होतंय, खेळ थांबवा, ए निळी जर्सी, थांब ना रे, तुला काय वेगळं सांगायचं का?" की दोन्ही संघ जिथल्या तिथे पुतळे. मग पाहुण्यांना मैदानाच्या मधोमध नेऊन शाल, श्रीफळ, फोटो, आणि शेवटी त्यांच्या शुभपायाने चेंडूला एक मानाची लाथ. ती लाथ चेंडू जिकडे नेईल तिकडून खेळ पुढे चालू. एका माजी सभापतींची मानाची लाथ सरळ गोलात गेली. रेफ्री बिचारा नाही-नाही म्हणत होता, पण गोल धरला गेला, कारण मंडप सभापतींचा होता.

मधल्या वेळात मुलींचा प्रदर्शनीय सामना ठेवला होता. पाहुण्यांच्या गाड्या नेमक्या तेव्हाच जास्त आल्या. प्रत्येक सत्काराला बाकीच्या मुली फोटोत येण्यासाठी धावायच्या आणि आपली दीक्षा कुठेतरी भलतीकडेच, एकटीच, कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. मला वाटलं, पोरीला माणसांत मिसळायची सवय नाही. मग लक्षात आलं की मानाची लाथ बसते, चेंडू वाटेल तसा भरकटतो, आणि भरकटून भरकटून दीक्षाच्या पायाशी येऊन थांबतो. पाहुण्यांचं पोट, चप्पल आणि उभं राहण्याची ढब बघून ही आधीच जाऊन उभी राहात होती. हे गावात कोणालाही दिसलं नाही. पाहुण्यांमध्ये एक बाई होत्या, कोल्हापूरच्या क्लबाच्या कोच, पनवेलच्या बहिणीकडे आल्या होत्या म्हणून अल्पेशशेठने शाल घालायला उचलून आणल्या होत्या, त्यांना दिसलं. त्यांनी स्वतःची मानाची लाथ मुद्दाम उलट्या दिशेला मारली. दीक्षा तिथेही होती. झालं. अल्पेशशेठने लगेच माइकवर जाहीर केलं, "आपल्या गावची कन्या कोल्हापूरला पर्मनंट!" (हा शब्द आपल्या घराण्यात कोणी हलक्याने वापरू नये, हे त्याला माहीत नव्हतं.)

तर रविवारी मी दीक्षाला बांधावर बसवलं. सोबत पुरावे नेले होते: एक जर्सी, जिच्या पाठीवरचा आकडा धुण्यात गेला आणि तो कोणता होता हे आता मलाही सांगता येत नाही, वरचे दोन खोटे दात, आणि गुडघा, जो कुठेही जाताना बरोबर न्यावाच लागतो. समोर आमचं जुनं मैदान होतं, म्हणजे बंद पडलेल्या मिठागराचा सुका तळ. पलीकडे बंदराचे कंटेनर एकावर एक रचलेले. मी म्हटलं, बाळ, तुझ्या बापाने इथून सुरुवात केली आणि फिरून फिरून इथेच, कुंपणाच्या पलीकडे, गेट पास तपासायला आला. याला करिअर म्हणतात.

सुरुवातच चुकीच्या जमिनीवर झाली, हे मी तिला समजावलं. मिठागरात पडलं की जखमेवर मीठ सरकारी खर्चाने मिळतं. म्हणून आमच्या गावचा कोणीही खेळाडू पडत नसे. धक्का बसो, लाथ बसो, उभं राहायचं. पुढे बाहेर खेळायला गेलो तेव्हा कळलं की पडणं ही फुटबॉलमधली मोठी विद्या आहे. चांगली माणसं नुसती वारा लागला तरी लोळतात, त्यांना फ्री किक मिळते, कधी पेनल्टी मिळते. माझ्या पोटऱ्या सोलून निघायच्या आणि मी आपला उभा, म्हणून रेफ्रीला वाटायचं काही झालंच नाही. गोव्यात आमचे कोच फुर्तादो सर बाहेरून ओरडायचे, "पड रे, पड मरे तू!" मनापासून प्रयत्न केला ताई, पण पायांना पडायचं कसं ते ठाऊकच नव्हतं. एकदा ठरवून पडलो, तर रेफ्रीने नाटक केलं म्हणून पिवळं कार्ड दाखवलं. चौदा वर्षांत मी एकदाच खोटं पडलो आणि तेवढ्यातच सापडलो. (दीक्षा इथे हसायला लागली. मी तिला म्हटलं, हा गंभीर विषय आहे.)

मग मुंबईचा अध्याय सांगितला. एका निमसरकारी खात्याने मला संघात घेतलं. सकाळी सराव, दुपारी रेकॉर्ड रूम. आबांनी गावभर पेढे वाटले, कारण पोरगा 'खात्यात' लागला होता. खातं फुटबॉलचं आहे हा तपशील त्यांनी पेढ्याबरोबर दिला नाही. आणखी एक हंगाम, मग पर्मनंट, असं मोठे साहेब दर हंगामाला म्हणायचे. साहेब फुटबॉलचे शौकीन होते. मग त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना बॅडमिंटन आवडायचं. सोमवारी नवीन साहेब आले आणि शुक्रवारी आम्हा सगळ्यांचे पाय खात्याला निरुपयोगी ठरले. रेकॉर्ड रूममध्ये मी ज्या फायली लावल्या होत्या त्या मात्र अजून तिथे असतील. त्या पर्मनंट.

गोव्याच्या क्लबात तीन हंगाम काढले. मी मधल्या फळीत. मधल्या फळीत म्हणजे काय, हे तुम्हा कोल्हापूरकरांना मी सांगायला नको (जरी तू इतकी वर्षं तिथे राहून सामन्याच्या दिवशी खिडक्या लावून घेत असलीस तरी). मागच्यांनी चेंडू अडवायचा, आपण तो घ्यायचा, पुढच्याला द्यायचा. पुढचा गोल मारतो, लोक त्याला खांद्यावर घेतात. चुकला तर म्हणतात पास नीट नव्हता. पेपरात शेवटच्या ओळीत 'व इतर' येतं ना, तो मी.

या नोकरीची पदरचना आबांना काही केल्या उमगेना. त्यांनी शांतपणे विचार केला, आणि कचेरीतल्या चाळीस वर्षांच्या अनुभवावरून निष्कर्ष काढला: माणूस मागच्या फळीत भरती होतो, काही वर्षांनी मधल्या फळीत येतो, आणि सेवा समाधानकारक असेल तर पुढच्या फळीत जाऊन गोल मारतो. मी घरी लिहिलेल्या पत्रात सहज सांगितलं होतं की यंदा आलेली दोन पोरं पुढे खेळतात. बस. आबांनी कचेरीतल्या टंकलेखकाकडून अर्ज करून घेतला आणि क्लबाला रजिस्टर्ड पोस्टाने धाडला. विषय: सेवाज्येष्ठतेनुसार पुढच्या फळीत पदोन्नती मिळणेबाबत. महोदय, माझा मुलगा आपल्या क्लबात तीन वर्षे मधल्या फळीत इमानेइतबारे सेवा करीत असून त्याच्या मागाहून भरती झालेले दोन इसम पुढच्या फळीत कार्यरत असल्याचे समजते, सबब त्याच्यावरील अन्याय दूर व्हावा. सोबत माझी मार्कशीट आणि जातीचा दाखला. प्रती माहितीसाठी: क्लबाचे अध्यक्ष, रेफ्री साहेब आणि गोलकीपर. (गोलकीपर हा स्टोअरकीपरच्या दर्जाचा अधिकारी असतो अशी त्यांची समजूत होती.)

फुर्तादो सरांना देवनागरी वाचता यायची. त्यांनी तो अर्ज ड्रेसिंग रूममध्ये उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. गोलकीपरने आपली प्रत घडी करून खिशात ठेवली, म्हणाला, आजवर मला कोणी काही कळवलं नव्हतं. इथवर गंमत होती. पण सर मनाने चांगले होते. पुढचा सामना साधाच होता, म्हणून ते म्हणाले, म्हाताऱ्याचा मान राखू, रत्नपाल आज पुढे. आणि मला मिळाली पदोन्नती.

ताई, पुढच्या फळीत काय करतात हे मला माहीत होतं, पण माझ्या पायांना नव्हतं. शिट्टी वाजली की मी पुढे जायचो आणि थोड्या वेळाने पाहावं तर परत मधेच, कोणाचा तरी चेंडू घेऊन कोणाला तरी द्यायला निघालेलो. द्यायला पुढे कोणीच नसायचं, कारण पुढचा मीच होतो. एकदा तर मी इतका सुरेख पास दिला की प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो चेंडू मी जिथे असायला हवा होतो तिथून एकटाच रेषेबाहेर गेला. आम्ही तीन गोलांनी हरलो. हंगाम संपल्यावर क्लबाने कळवलं की पुढील वर्षी आपल्या सेवेची आवश्यकता नाही. आबा म्हणाले, अपील करू.

त्यानंतरचा मलबारचा प्रवास मी दीक्षाला थोडक्यात सांगितला. तिकडे सात-सात जणांच्या स्पर्धा भरतात, भातशेतं कापून झाली की रात्रंदिवस, आणि माणसं नारळीवर चढून सामने बघतात. आयोजक म्हणाला, महाराष्ट्रातला फुटबॉलपटू म्हटलं तर तिकीट कोण काढेल? म्हणून पोस्टरवर माझं नाव 'रोनी डिकॉस्टा, गोवा' असं छापलं. पंचशील घेतलेला माणूस दोन हंगाम रोनी म्हणून हाक मारल्यावर वळून बघत होता. मी मनाशी तोडगा काढला होता: मी कधी माझं नाव रोनी आहे असं म्हणालो नाही, लोक म्हणायचे, मी फक्त वळायचो. तिथेच माझ्या आयुष्यातला एकमेव गोल झाला. खरं म्हणजे मी मारला नाही. कॉर्नरवरून आलेला चेंडू माझ्या गुडघ्याला लागून आत गेला. सगळा संघ आनंदाने माझ्या अंगावर पडला (पडायची विद्या सगळ्यांना येत होती), आणि तो गुडघा खाली, मी वर, माझ्यावर सहा जण. मग रेफ्रीने आमच्याविरुद्ध फाउल दिला. गोल रद्द झाला. गुडघ्याबाबत तसा काही निर्णय झाला नाही.

एवढं ऐकूनही दीक्षाचं तोंड हसरंच. म्हणून मी शेवटचं शस्त्र काढलं, जे मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं. गोव्याचा संघ सुटल्यावर, मलबारला जाण्याआधी, एक सामना मुंबईला खेळलो होतो. आबा आले होते, धुतलेलं धोतर, टोपी, बरोबर अर्जाची कार्यालयीन प्रत. सामना संपल्यावर आम्ही गेटबाहेर वडापाव खात उभे होतो. आबांनी मिरची काढून कागदाच्या कडेला ठेवली. मग पावाचा तुकडा मोडत म्हणाले, "म्या बॉलकडं न्हाय बगितलं. तुझ्याकडंच बगत व्हतो. म्हंजे तू शिपाय." मी म्हटलं, आबा? तर म्हणाले, "याच्या टेबलावरची फाईल त्याच्या टेबलावर. सही त्यांची. पन शिपाय रजेवर गेला का आख्खी कचेरी आंधळी." मग ती कार्यालयीन प्रत त्यांनी वडापावच्या कागदाबरोबर चुरगळली आणि म्हणाले, "यात प्रमोशन न्हाय रे बाबा. मला म्हाईत हाय. उगा अर्ज केला." त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मला पर्मनंटचं विचारलं नाही. तू विचारायचीस, ते त्यांच्या वतीने नव्हतं, तुझ्या स्वतःच्या वतीने होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

मी दीक्षाला म्हटलं, बघ, तुझ्या आजोबांनी स्वतः सांगितलं, हे शिपायाचं काम आहे. शिवाय पेन्शन नाही. आणि तुझ्या आत्याने नर्सिंगची जागा बघून ठेवली आहे.

दीक्षा हसायची थांबली. तिने माझी ती आकडा नसलेली जर्सी घडी घालून मांडीवर ठेवली होती. म्हणाली, "पप्पा, सगळं सांगितलंत. पैसे नाही, नाव नाही, गुडघा नाही. पण खेळायचा कंटाळा आला होता का, ते नाही सांगितलंत." मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध. ती म्हणाली, "तुम्ही फक्त हो म्हणा. एकदा हो म्हणालात की मी उद्या नर्सिंगला जाते. आत्याची शप्पथ."

तुझी शप्पथ घेतली, म्हणजे पोरगी खरं बोलत होती.

ताई, दोन अक्षरं सुद्धा नव्हती. एकच अक्षर. ते म्हटलं असतं तर तुझी आज्ञा पूर्ण, पोरगी तुझ्या पांढऱ्या गणवेशात, माझ्या म्हातारपणी घरात एक पेन्शन. पण सकाळीच विहारात बसून, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं मोठ्याने म्हणून आलो होतो, आणि तोंडातली चहाची चवसुद्धा गेली नव्हती. मी कंटेनरांकडे बघितलं. मिठाकडे बघितलं. गुडघ्याकडे बघितलं, त्याने काही मदत केली नाही. शेवटी मी म्हटलं, चल, ऊन वाढलं.

घरी भक्तीला कळलं तेव्हा ती लसूण सोलत होती. म्हणाली, "एक खोटं बोलता आलं नाही तुम्हाला? लग्नात तर मुलगा पर्मनंट आहे म्हणून सांगितलं होतं!" (ते मी नव्हतं सांगितलं. आबांनी सांगितलं होतं. लेखी.) तेव्हापासून ती माझ्याशी मीठ, तेल आणि गॅस एवढ्याच विषयांवर बोलते. आई मात्र कोपऱ्यातून म्हणाली, "येवढी वर्सं हिंडलास, काय आनलंस? गुडगा. पन सुटीला यायचास तवा तोंड कसं उजळलेलं असायचं. आता म्हयन्याला पगार आनतोस, तर तुज्या तोंडाकडं बगवत न्हाय." मी यावर तीन दिवस चिंतन केलं. विहारातही बसलो. शांत बसलं की मन स्थिर होतं म्हणतात. माझं मन स्थिर झालं आणि त्यात आईचंच वाक्य स्पष्ट ऐकू आलं.

तर असा तुझ्या आज्ञेचा अंमल झाला. जे सांगायला सांगितलंस ते एकूण एक सांगितलं, काही लपवलं नाही. प्रयत्नांत कसूर नाही, एवढा शेरा तू मारशील अशी खात्री आहे. दाजींना नमस्कार, टाकीच्या भांडणात त्यांनी सेक्रेटरीला तोंडी काही सांगू नये, अर्ज द्यावा.

तुझा आज्ञेत राहिलेला (जमेल तितका),
रत्नपाल

ता.क. सुका जवळा, बोंबील आणि आईने केलेला मसाला पाठवतो आहे. बोंबलांची पिशवी बाल्कनीत ठेव, सेक्रेटरीच्या खिडकीच्या बाजूला.

ता.क. २. नर्सिंगचा फॉर्म भरलेला नाही. वर लिहायला विसरलो असं म्हणणार होतो, पण आज पुन्हा पंचशील घेतलं आहे. विसरलो नाही, टाळलं. वरच्या मजकुरात एकही वाक्य खोटं नाही. कुठे थांबायचं ते तेवढं मी ठरवलं.

ता.क. ३. हे पनवेलच्या स्टँडवर बसून लिहितो आहे, कागद गुडघ्यावर ठेवून. (एवढ्या कामाला तो अजून येतो.) एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल की हे पत्र पोस्टमनने आणलेलं नाही. जिने आणलं तिला मी सांगितलं आहे, आत्या वाचत असेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, अवाक्षर बोलायचं नाही. रात्रभर एसटीत बसून आली असेल, पिशवीत बोंबील आहेत, तेव्हा शेजारी यायच्या आत तिला घरात घे. तिला तुझ्याकडे राहू दे, एवढीच खरी विनंती. बाकीची पानं जोडपत्रं समज. आणि एक. तिचा पहिला सामना असेल त्या दिवशी खिडक्या लावून घेऊ नकोस. जाऊन बस. चेंडूकडे बघू नकोस, तिकडे सगळेच बघतात. चेंडू तिच्याकडे नसेल तेव्हा ती कुठे उभी आहे ते बघ, आणि मला फोन कर. मी मध्ये बोलणार नाही.

भक्ती आली आहे सोडायला. आत्ताच तिने दीक्षाच्या बॅगेत माझी ती जर्सी कोंबली, माझ्याकडे न बघता. क्लबाच्या कागदावर पालक म्हणून सहीही तिनेच केली. कोल्हापूरची गाडी लागली, खिडकीची जागा मिळाली. आता हे पत्र तिच्या हातात देतो.